आधी बैठक, मग ड्रम

एकाच माणसाने वाजवायचा ड्रम सेट जन्मला तो पायाच्या बळावर. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी बँडमध्ये बेस ड्रम, स्नेअर आणि झांजा वाजवायला वेगवेगळी माणसं असत. पायाने दाबायचं पेडल आलं आणि हा ताफा एका जागी बसला. विल्यम लुडविग आणि त्याच्या भावाने १९०९ मध्ये शिकागोत कंपनी काढली, ती अशाच पेडलच्या जोरावर. १९२०च्या दशकात दुसऱ्या पायाखाली हाय-हॅट ही झांजांची जोडी आली. चारही हातपाय कामाला लागले, आणि तेव्हापासून सगळा भार बैठकीवर आहे.

म्हणून मांडणीची सुरुवात स्टुलापासून करावी. नवशिके आधी ड्रम रचतात आणि उरलेल्या जागेत स्वतःला बसवतात. पाठदुखीचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं. कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर असावी. स्टूल फार खाली असलं, तर प्रत्येक ठोक्याला मांडी उचलावी लागते आणि ताण कमरेवर येतो. समोर काहीच नसताना स्टुलावर सैल बसा. पाय जिथे सहज टेकतील तिथे दोन्ही पेडल ठेवा आणि स्नेअर दोन्ही मांड्यांच्या मध्ये घ्या. स्नेअरची कड मांडीपेक्षा थोडी वर हवी, नाहीतर काठी मांडीला लागते. कोपर अंगालगत सैल लोंबत असताना काठीचं टोक स्नेअरच्या मध्यावर पडलं, की अंतर जमलं.

हाय-हॅट इतकी उंच ठेवावी, की तिच्यावर उजवा हात चालू असताना त्याखालून डावा मोकळेपणाने उठेल. बावीस इंची बेस ड्रमवर बसवलेले टॉम, म्हणजे छोटे ड्रम, ठेंगण्या वादकाला उंच पडतात. मग तो ते स्वतःकडे फार कलते करतो, काठीचं टोक कातड्यात रुतून खड्डे पडतात आणि आवाजही दबतो. त्यापेक्षा वीस किंवा अठरा इंची बेस ड्रम घेतलेला बरा. राइड झांजेपर्यंत पोचायला खांदा पुढे न्यावा लागत असेल, तर स्टँड जवळ ओढा. झांजेवरचा विंगनट गच्च आवळू नये. झांज डुलायला हवी, नाहीतर ती तडकण्याचा धोका असतो.

चित्रातल्यासारखीच मांडणी हवी, असं नाही. डावखुरा ड्रमर रिंगो स्टार उजव्या हाताच्या सेटवर वाजवत आला आणि त्याच्या वादनाला वेगळं वळण मिळालं. तसाच डावखुरा असलेल्या ड्रमर फिल कॉलिन्सने मात्र सेटच उलटा लावला. दोन्ही वाटा योग्यच आहेत.

रिहर्सल रूममधला भाड्याचा सेट आधीच्या वादकाच्या मापाचा असतो. तिथे संकोच न करता पाच मिनिटं मागून घ्या आणि सगळं आपल्या अंगाप्रमाणे लावा. स्वतःच्या सेटखाली सतरंजी अंथरा आणि प्रत्येक स्टँडच्या पायांची जागा चिकटपट्टीने आखून ठेवा. आणि पैसे मोजकेच असतील, तर नवी झांज घेण्याआधी न डुगडुगणारं, उंची बदलता येणारं स्टूल घ्या.