कथा हळू चालते म्हणून पुस्तक मिटावे काय?

मुले ग्रंथालयातून जाडजूड कादंबरी आणतात, पन्नास पाने वाचतात आणि 'यात काही घडतच नाही' म्हणून ठेवून देतात. कामावरून दमून आलेल्या मोठ्यांचेही तसेच होते. वेळ मोलाचा आहे. तेव्हा धीर कुठवर धरावा, हा प्रश्न रास्तच आहे.

अमेरिकन लेखिका रॉबिन हॉब यांची १९९५ सालची 'असॅसिन्स अप्रेंटिस' ही इंग्रजी अद्भुत कादंबरी पाहा. राजपुत्राचा अनौरस मुलगा फिट्झ. सहा वर्षांचा असताना आजोबा त्याला शिपायाच्या हाती सोपवून निघून जातात. पोर तबेल्यात, कुत्र्यांच्या उबेला वाढते. प्रारंभी मोठ्या लढाया नाहीत. जन्मावरून हिणवल्या गेलेल्या मुलाचे एकटेपण आहे.

त्याचे लाडके पिल्लूही त्याच्यापासून तोडले जाते. वाचताना हा प्रसंग लहान वाटतो. पण त्याचा उलगडा थेट पुस्तकाच्या शेवटी होतो. मध्येच पुस्तक मिटणाऱ्याच्या हाती तो लागत नाही.

या कथाविश्वाच्या सोळा कादंबऱ्या २०१७ पर्यंत आल्या. त्या साऱ्या वाचल्याच पाहिजेत असे नाही. पहिली मात्र पुरी वाचा. फिट्झचे दुःख आपले वाटले तर पुढच्या दोन घ्या. तिथे पहिली त्रयी पूर्ण होते. नाही वाटले तर खुशाल परत करा, त्यात कमीपणा नाही. फक्त पन्नास पानांवर निकाल देऊ नका. माणूस तरी पहिल्या भेटीत कुठे कळतो?