मध्य-इंजिन कॉर्व्हेट

मध्य-इंजिन कॉर्व्हेट म्हणजे शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्‌स कारचे असे स्वरूप, ज्यात इंजिन चालकाच्या पाठीमागे, परंतु मागच्या आसाच्या पुढे बसवलेले असते. १८ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियातील टस्टिन येथे कॉर्व्हेटची आठवी पिढी (सी८) सादर झाली, तेव्हा हे स्वरूप प्रथमच विक्रीच्या गाडीत आले. त्यापूर्वी सुमारे सहा दशके ते केवळ प्रायोगिक गाड्यांमध्ये, मोटारविषयक मासिकांत आणि चाहत्यांच्या तर्कवितर्कांत वावरत होते. बाजारात न आलेल्या गाडीची इतकी प्रदीर्घ चर्चा मोटार उद्योगात क्वचितच झाली असेल.

पार्श्वभूमी

जनरल मोटर्सने जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलातील मोटोरामा प्रदर्शनात पहिली कॉर्व्हेट मांडली. त्या वर्षी मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे केवळ ३०० गाड्या बनल्या. सर्व पांढऱ्या आणि फायबरग्लासच्या. दिसायला देखण्या असलेल्या या गाडीचे सहा सिलिंडरचे, १५० अश्वशक्तीचे इंजिन मात्र बेताचेच होते. १९५४ मध्ये ३,६४० गाड्या तयार झाल्या आणि त्यांतील बऱ्याच विकल्याच गेल्या नाहीत. गाडी बंद करण्याचा विचार सुरू असतानाच १९५५ मध्ये तिला व्ही-८ इंजिन मिळाले आणि ती तगली.

या बदलाशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते अभियंते झोरा आर्कस-डंटॉव्ह (१९०९–१९९६) मोटोरामात गाडी पाहून प्रभावित झाले आणि त्याच वर्षी जनरल मोटर्समध्ये दाखल झाले. डिसेंबर १९५३ मध्ये त्यांनी वरिष्ठांना एक टिपण पाठवले. वेगाची आवड असलेल्या तरुणांना शेव्हरोलेकडे कसे वळवता येईल, हा त्याचा विषय होता. चाहत्यांचे मत ही गंभीरपणे घेण्याची बाब आहे, हे कंपनीत इतक्या लवकर लेखी मांडणारे ते एक होत.

इंजिनाच्या जागेचे महत्त्व

गाडी वेग घेऊ लागली की भार मागच्या चाकांकडे सरकतो. कॉर्व्हेटची शक्ती मागच्याच चाकांना मिळत असल्याने, तेथे भार जितका अधिक तितकी टायरची रस्त्यावरील पकड अधिक. इंजिन पुढे असले की हा लाभ मर्यादित राहतो. शक्ती वाढवत नेली तर एका टप्प्यानंतर चाके नुसती जागीच फिरू लागतात. दुसरे कारण वळणाचे. दोन्ही टोकांना वजन बांधलेली काठी मधोमध धरून फिरवणे जड जाते. तेच वजन मध्याजवळ आणले तर ती सहज फिरते. गाडीचेही तसेच आहे. सातव्या पिढीत (सी७) पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मा-निम्मा भार होता. सी८ मध्ये सुमारे ६० टक्के भार मागे आहे.

प्रायोगिक गाड्या आणि हुलकावण्या

डंटॉव्ह यांनी १९६० मध्ये चालकामागे इंजिन असलेली सर्व्ह-१ ही एकासनी संशोधन-गाडी तयार केली. १९६८ मध्ये अ‍ॅस्ट्रो-२ आणि १९७० मध्ये एक्सपी-८८२ या गाड्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आल्या. पुढची कॉर्व्हेट अशीच असणार, असा निष्कर्ष अनेकांनी काढला आणि तो अविचारी म्हणता येत नाही. कंपनी गाडी उघडपणे दाखवत होती. १९७३ मध्ये चार रोटरांचे वँकेल इंजिन असलेली गाडी आली. परंतु तेलसंकट उद्भवले आणि जनरल मोटर्सने वँकेल इंजिनाचा नाद सोडला. त्याच गाडीत व्ही-८ बसवून तिला एरोव्हेट नाव दिले गेले. १९८० च्या सुमारास ती उत्पादनात आणण्याची योजनाही होती. तीही बारगळली.

त्यामागचे कारण तांत्रिक कमी आणि व्यावहारिक अधिक होते. पुढे इंजिन असलेली जुनी कॉर्व्हेट उत्तम खपत होती. १९७९ च्या मॉडेल वर्षात ५३,८०७ गाड्या बनल्या आणि तो उच्चांक ठरला. जे विकले जात आहे ते मोडून खर्चिक नवे उभारण्यास व्यवस्थापन राजी नव्हते. डंटॉव्ह तोवर निवृत्त झाले होते. १९८६ ची कॉर्व्हेट इंडी आणि १९९० ची सर्व्ह-३ यांनी आशा पुन्हा पालवल्या, पण फळ आले नाही.

चाहत्यांतील मतभेद

कॉर्व्हेटची कोणती खूण अढळ मानावी, याविषयी चाहत्यांत कधीच एकमत नव्हते. १९६३ च्या स्टिंग रेची मागची काच मधल्या पट्टीने दुभंगलेली होती. मागचे नीट दिसत नाही म्हणून डंटॉव्ह यांना ती नापसंत होती आणि १९६४ मध्ये ती गेली. काही मालकांनी तर आपल्या १९६३ च्या गाडीलाही अखंड काच बसवून घेतली. आज तीच दुभंगलेली काच संग्राहकांना सर्वांत मोलाची वाटते. २००५ मध्ये झाकले जाणारे दिवे गेले, २०१४ मध्ये मागचे गोल दिवे कोनदार झाले आणि दोन्ही वेळा नाराजी उमटली. यांच्या तुलनेत इंजिनाची जागा हा अधिक मूलभूत प्रश्न होता. एका गटाला पुढचे लांब नाक हीच कॉर्व्हेटची ओळख वाटे. दुसऱ्या गटाला ती डंटॉव्ह यांची अपुरी राहिलेली इच्छा वाटे.

सी८ : खरे आणि खोटे ठरलेले तर्क

सी८ च्या एका आरंभीच्या चाचणी-गाडीला होल्डन यूट या ऑस्ट्रेलियन पिकअपचा वेश चढवला होता. पुढे नक्षीदार आवरणातील नमुन्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होऊ लागली आणि त्यांतील छताची उतरंड व हवेची भोके पाहून इंजिन मागे असल्याचा अंदाज बांधला गेला. तो अचूक ठरला. मात्र गाडी फार महाग असेल आणि तिला ‘झोरा’ नाव मिळेल, हे तर्क फसले. मूळ किंमत ६०,००० डॉलरच्या किंचित खाली ठेवली गेली आणि ‘स्टिंगरे’ हेच नाव कायम राहिले. पुढे इंजिन असलेली गाडी सोबतीने चालू राहील, ही अनेकांची अपेक्षाही पुरी झाली नाही.

सर्वाधिक हळहळ हाताने गिअर बदलण्याची सोय गेल्याची झाली. सी८ मध्ये केवळ आठ गतींचा, दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे. याउलट ६.२ लिटरचे व्ही-८ इंजिन राखले गेले आणि कारखान्यातूनच उजवीकडे सुकाणू असलेली कॉर्व्हेट प्रथमच उपलब्ध झाली. केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथे फेब्रुवारी २०२० मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याच गावातील राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालयात डंटॉव्ह यांच्या अस्थी ठेवलेल्या आहेत.

जानेवारी २०२३ मध्ये पुढची चाके विद्युत मोटारीने फिरवणारी ई-रे सादर झाली. तेव्हापासून चाहत्यांच्या चर्चेत इंजिनाच्या जागेपेक्षा, पुढील पिढीत ते असेल की नाही, हा प्रश्न अधिक येतो.