पशुवैद्याचा कान आणि संगीताची साधना

आपल्या संगीतशास्त्राने सप्तस्वरांची ओळख करून देताना पशुपक्ष्यांच्या आवाजाचा आधार घेतला, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळाचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा असे सांगितले आहे. हा ग्रंथकार राजदरबारी हिशेबाचे काम पाहत असे आणि वैद्यकाचाही जाणकार होता. स्वरांकडे वळण्यापूर्वी त्याने गर्भाची वाढ आणि शरीररचना यांचे सविस्तर विवेचन केले आहे. स्वर, शरीर आणि प्राणिसृष्टी यांचा एकत्र विचार आपल्या परंपरेला नवा नाही.

असे असूनही पशुवैद्यकाला प्रवेश मिळालेल्या मुलामुलींना आजही ‘आता गाणे पुरे’ असा सल्ला घरूनच मिळतो. विशारदपर्यंत पोचलेली मुलगी तंबोरा गवसणीत घालून ठेवते आणि साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम संपल्यावर ती गवसणी सहसा उघडत नाही. आम्हा इंदूरकरांना हा प्रश्न दूरचा नाही. शेजारच्या महू येथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि हे शहर उस्ताद अमीर खाँ यांच्या नावाने ओळखले जाते. म्हणून या दोन विद्यांचे नाते काय आणि त्या एकाच आयुष्यात नांदू शकतात का, हे पाहणे उचित ठरेल.

श्रवण हेच निदान

१७६१ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी फ्रान्समधील ल्याँ येथे क्लोद बुर्जला यांनी आधुनिक पशुवैद्यकाचे पहिले विद्यालय स्थापन केले. त्याच वर्षी व्हिएन्नाचे डॉ. लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी छातीवर बोटांनी ठोकून येणाऱ्या नादावरून रोग ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हे आउएनब्रुगर संगीताचे मर्मज्ञ होते. साल्येरी या संगीतकाराच्या एका विनोदी संगीतिकेची संहिता त्यांनीच लिहिली. पुढे १८१६ साली स्टेथोस्कोपची कल्पना ज्यांना सुचली, ते डॉ. लेनेक बासरी वाजवीत असत आणि स्टेथोस्कोपच्या लाकडी नळ्या स्वतःच कातून तयार करीत. ऐकून रोग ओळखण्याच्या या दोन्ही पद्धती संगीत जाणणाऱ्यांच्या हातून घडाव्यात, हे नोंद घेण्याजोगे आहे.

माणसाच्या डॉक्टरला रुग्ण आपली व्यथा सांगतो. पशुवैद्याला ते सुख नाही. त्याला रुग्णाच्या देहाकडूनच हकीकत काढून घ्यावी लागते. व्यालेल्या गाईचे चौथे पोट काही वेळा वायूने फुगून डाव्या कुशीत सरकते. अशा वेळी बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवून शेजारी बोटाने टिचकी मारली असता उंच, धातूसारखा झणत्कार ऐकू येतो. ताणलेल्या कातड्यातून नाद उमटावा तशी ही क्रिया आहे. चाऱ्यातून गेलेली तार हृदयावरणापर्यंत पोचली, तर हृदयाचे ठोके दबून जातात आणि पाणी खळबळल्यासारखा आवाज येतो. तबल्याची शाई सैल झाली की नुसत्या थापेवरून ओळखणाऱ्या कानाला हे फरक लवकर उमगतात.

लयीचेही असेच आहे. विश्रांतीच्या वेळी घोड्याचे हृदय मिनिटाला सुमारे तीस ते चाळीस ठोके देते, गाईचे साठ ते ऐंशी, तर मांजराचे दीडशेच्याही पुढे जाते. विलंबितापासून द्रुतापर्यंत सर्व लयी एकाच दिवसात पशुवैद्याच्या कानावरून जातात. त्यातही मौज अशी की, उत्तम तयारीच्या घोड्याच्या हृदयाचा एखादा ठोका विश्रांतीच्या वेळी मधूनच गळतो आणि घोडा धावू लागला की लय पुन्हा सलग होते. हा बहुधा आजार नसतो. गळलेली मात्रा ठरलेल्या जागी आहे की लयच बिघडली आहे, हा विवेक तालाच्या अभ्यासाने अंगी बाणतो. अर्थात संगीत येते म्हणून कोणी आपोआप चांगला पशुवैद्य होत नाही. पण लक्षपूर्वक ऐकण्याची सवय दोन्हीकडे उपयोगी पडते.

प्राण्यांना संगीत आवडते काय?

हा प्रश्न सामान्य वाचक हमखास विचारतात. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली निवारागृहातील कुत्र्यांवर प्रयोग केला. संथ अभिजात पाश्चात्त्य संगीत चालू असताना कुत्री अधिक वेळ विसावली. कर्कश हेवी मेटलने त्यांचे भुंकणे वाढले. मात्र ग्लासगोच्या संशोधकांना पुढे असेही आढळले की, तेच संगीत रोज लावल्यास कुत्र्यांना त्याची सवय होते आणि परिणाम ओसरतो. शिवाय माणसाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. कुत्र्याची मर्यादा सुमारे पंचेचाळीस हजार, तर मांजराची साठ हजारांच्याही पुढे आहे. आपल्याला शांत वाटणाऱ्या दवाखान्यात त्यांना यंत्रांचा गोंगाट ऐकू येत असेल. म्हणून जाणकार पशुवैद्य आधी आवाज कमी करतो. संगीत लावायचे की नाही, हे त्यानंतर ठरवतो.

व्यवहारातील अडचणी

दोन्ही साधनांचा मेळ घालताना खऱ्या अडचणी येतात. सरोदवादकाला डाव्या हाताची नखे राखावी लागतात, तर गाभण गाईची तपासणी करणाऱ्याला ती वाढवून चालत नाही. मांजराचा चावा बोटाच्या सांध्यात शिरला की जंतुसंसर्ग वेगाने पसरतो. असा चावा क्षुल्लक समजून अंगावर काढू नये, मग हात वादकाचा असो वा नसो. कुत्र्यांच्या निवाऱ्यातील भुंकण्याचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जाऊ शकतो. तेथे कानांना संरक्षण न घेणारा गवय्या आपले भांडवलच उधळतो. गायकाने गोठ्यातील भुसा आणि जंतुनाशकांची वाफ यांपासून गळा जपावा.

वेळेची अडचण याहून मोठी. अडलेली म्हैस मैफलीची वेळ पाहत नाही आणि पहाटेचा रियाज व गोठ्यातील धारांची वेळ एकच. यावर उपाय दोन. रोजचा अर्धा तास, घड्याळात नव्हे तर दिनक्रमात पक्का बसवावा. आणि दोन-तीन सहकाऱ्यांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. साथ करणाऱ्याने तर पर्यायी डॉक्टर ठरवल्याखेरीज कार्यक्रम स्वीकारूच नये.

हा खटाटोप कशासाठी?

एक कटू वास्तव येथे सांगितलेच पाहिजे. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातील पशुवैद्यांच्या मृत्यूंचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत आत्महत्येचे प्रमाण पुरुष पशुवैद्यांत दुपटीहून अधिक आणि स्त्रियांत सुमारे साडेतीनपट आढळले. बरे न होणाऱ्या प्राण्याला सुखमरण देणे, मालकाचा शोक झेलणे, पैशाअभावी उपचार अर्धवट सोडावे लागणे, हे ओझे दिवसामागून दिवस साचत जाते. आपल्याकडे तर एक दुभती म्हैस गेली की एका घराची चूलच थंडावते आणि ते दुःख पशुवैद्य डोळ्यांनी पाहतो.

संगीत हा त्यावरचा औषधोपचार नव्हे. मन खचू लागले तर सहकाऱ्याशी बोलावे, मनोविकारतज्ज्ञाकडे विनासंकोच जावे. परंतु ज्याच्या दिवसात अर्धा तास असा आहे की जेथे कोणाचे प्राण त्याच्या हाती नसतात, चुकलेली तान पुन्हा घेता येते आणि चार समानधर्मी माणसे सोबत असतात, त्याला व्यवसायाबाहेरही एक घर असते. ते घर तरुणपणीच बांधावे लागते.

म्हणून पालकांना विनंती की, मुलगी पशुवैद्यक शिकायला निघाली तर तंबोरा तिच्या सामानात असू द्यावा. वसतिगृहाच्या खोलीत त्याला जागा फारशी लागत नाही.