कागदाची आगोट माघात

कोकणात आगोटीची बेगमी मे महिन्यात होते. कडधान्यं, मिरच्या, सुकी मासळी, लाकूडफाटा सगळं तेव्हाच भरून ठेवतात. जलरंगाच्या कागदाला मात्र मे चालत नाही. रत्नागिरीत समुद्रावरचं वारं वैशाखातही दमट असतं आणि त्या हवेत डबा बंद केला की ओलही कागदाबरोबर आत कोंडली जाते. म्हणून माझ्या चित्रांच्या खोलीत कागद भरायचं काम पौष-माघात होतं, तेही कोरड्या दुपारी. भिंतीवरचा आर्द्रतामापक काही शे रुपयांचा आहे, पण खोलीतल्या सगळ्या कपाटांपेक्षा मला तो मोलाचा वाटतो. आकडा 65 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला हवी तशी हवा झाली. पावसाळ्यात आमच्याकडे तो त्याखाली क्वचितच येतो.

कागदाचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, हीच खरी अडचण. जलरंगाच्या कागदाला सरसाची किंवा तशाच दुसऱ्या द्रव्याची खळ दिलेली असते. त्या खळीमुळे रंग थोडा वेळ वर राहतो आणि आपल्याला तो हवा तसा वळवता येतो. सरसाची खळ बुरशीला खाद्यच. ताव वरून पांढरास्वच्छ असतो. आकाशाचा पहिला ओला हात फिरवला की जागोजागी टिपकागदासारखे गडद ठिपके उठतात. मग काहीही केलं तरी ते जात नाहीत. म्हणून कुठल्याही जुन्या तावावर चित्र सुरू करण्याआधी त्याच्या कोपऱ्यावर पातळ रंगाचा एक पट्टा ओढून पाहावा.

22 बाय 30 इंचांचे ताव आडवेच ठेवायचे. उभे ठेवले की पोटात वाकतात आणि ती वाक पुन्हा निघत नाही. पाचदहा तावांचा गठ्ठा जाड पॉलिथिनमध्ये घालून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या, आत सिलिका जेलची पुडी टाकायची. नारिंगी दाणे घ्यावेत. ते ओल शोषून हिरवे झाले की ओव्हनमध्ये मंद तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत बहुधा कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नकोच. वर्तमानपत्रात कागद गुंडाळण्याची आपल्याकडची सवय तर सोडायलाच हवी. त्या कागदातलं लिग्निन पिवळं पडतं, आम्ल सोडतं आणि शेजारच्या चांगल्या तावालाही डागतं. मांडणी भिंतीपासून चार बोटं पुढे असावी, आणि पश्चिमेच्या भिंतीला तर नाहीच, कारण पावसाचा मारा तिकडून येतो आणि आषाढात ती भिंत ओल धरते.

रंगांचं काम त्यामानाने सोपं. ट्यूब मी रंगाच्या नावावर लावत नाही, डब्यांवर रंगद्रव्याचा क्रमांक लिहिते. अल्ट्रामरीन कुणाचंही असो, पीबी 29 असलं की रंगद्रव्य तेच. उलट ‘हूकर्स ग्रीन’ या एकाच नावाखाली प्रत्येक कंपनीचं मिश्रण वेगळं निघतं. झाकण लावण्याआधी ट्यूबचे आटे पुसायचे, नाहीतर डिंक वाळून झाकण घट्ट बसतं. बसलंच तर ते गरम पाण्यात धरायचं. पकडीने पिळलं की ट्यूबची मानच फाटते. आणि ओलं पॅलेट पावसाळ्यात कधीही मिटू नये. पंख्याखाली पूर्ण सुकू द्यावं, मगच झाकावं.

ब्रश धुऊन आडवे सुकवायचे. टोक वर करून उभे ठेवले तर पाणी धातूच्या पट्टीत उतरतं, दांडा फुगतो, रोगण तडकतं, शेवटी केस सुटतात. सुकल्यावर मात्र खुशाल उभे ठेवावेत. नैसर्गिक केसांचे ब्रश कसर खाते, म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात. जुन्या सामानात मुंगसाच्या केसांचे ब्रश असतील तर ते विकू नका आणि कुणाला देऊही नका. त्यांचा व्यापार 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

तैलरंग वापरणाऱ्यांनी एका गोष्टीत हयगय करू नये. जवसाचं तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला तर ही उष्णता आतच साठते आणि तो आपोआप पेटू शकतो. अशा चिंध्या पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावं. हा डबा घेतल्याशिवाय तेलाची बाटली घरात आणू नये, असं माझं ठाम मत आहे.

खळ गेलेला ताव मात्र फेकू नका. बुरशीचा वास किंवा डाग नसेल तर कोळशाच्या रेखाटनाला तो उत्तम चालतो.