पृथ्वी सपाट मानणारी माणसे आणि आपण

पृथ्वी गोल आहे हे आपण प्राथमिक शाळेत शिकलो, परीक्षेत तसे लिहिले आणि तो विषय तेथेच संपला. त्यामुळे पृथ्वी सपाट आहे असे मनापासून मानणारी माणसे आजही आहेत हे कळले की आपल्याला प्रथम हसू येते. २०१७ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात अशा लोकांची परिषद भरली होती. तेथे जमलेले लोक निरक्षर नव्हते. त्यांच्यापैकी अनेक जण तर आपल्या मताला पवित्र बायबलचा आधार असल्याचे सांगत होते. म्हणूनच हा विषय केवळ हसण्यावारी नेता येईल असे आम्हांस वाटत नाही.

डोळ्यांची साक्ष

समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटर अंतरावर दिसते. पृथ्वीचा व्यास मात्र सुमारे १२,७४२ किलोमीटर आहे. एवढ्या अवाढव्य गोलाचा इतका लहान तुकडा डोळ्यांना सपाट भासला तर नवल नाही. दूर जाणाऱ्या होडीचा खालचा भाग आधी दिसेनासा होतो आणि डोलकाठी सर्वांत शेवटी. चंद्रग्रहणात चंद्रावर पडणारी पृथ्वीची सावली नेहमी गोलाकार असते, हे ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच नोंदवले. आपल्याकडे आर्यभटाने इ.स. ४९९ मधील ग्रंथात पृथ्वी गोल असल्याचे सांगितले.

येथे एक प्रामाणिक कबुली दिली पाहिजे. आपल्यापैकी कितीजणांनी यांतील एक तरी गोष्ट स्वतः पडताळून पाहिली आहे? बहुतेकांनी शिक्षकांवर आणि पुस्तकांवर विश्वास ठेवला. तो विश्वास योग्य ठिकाणी होता, एवढेच.

ख्रिस्तसभेविषयीचा गैरसमज

मध्ययुगात ख्रिस्तसभा पृथ्वी सपाट असल्याचे शिकवीत होती आणि कोलंबसाने ते खोटे ठरवले, असे पुष्कळ सुशिक्षित लोक आजही समजतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. संत बीड यांनी इ.स. ७२५ च्या सुमारास पृथ्वी चेंडूसारखी गोल असल्याचे लिहिले. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या प्रमुख ग्रंथाच्या अगदी आरंभी पृथ्वीचा गोलाकार हे सर्वमान्य सत्याचे उदाहरण म्हणून वापरले. कोलंबसाशी विद्वानांचा वाद झाला तो पृथ्वीच्या आकाराविषयी नव्हे, तर तिच्या घेराविषयी. आणि त्यात विद्वानांचे म्हणणेच अधिक बरोबर होते. सपाट पृथ्वीची कथा रुजली ती प्रामुख्याने वॉशिंग्टन आयर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने १८२८ साली लिहिलेल्या कोलंबसाच्या रंजक चरित्रामुळे. गॅलिलिओच्या बाबतीत चूक झाली, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली मान्य केले. परंतु तो वाद पृथ्वी फिरते की सूर्य, याविषयी होता. ती गोल आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य होते.

तरीही अपवाद होते. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टँशियस या लेखकाने गोल पृथ्वीची थट्टा केली. सहाव्या शतकात कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने तर पृथ्वी हा मोशेच्या निवासमंडपासारख्या विश्वाचा सपाट तळ आहे, असे ग्रंथ लिहून प्रतिपादन केले. हा कॉस्मस आपल्याला अगदीच अनोळखी नाही. ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असतो, ही नोंद त्याच्याच ग्रंथातील आहे आणि अनेक अभ्यासक ते ठिकाण म्हणजे आपले कल्याण असे मानतात. लोकांविषयी दिलेली साक्ष मोलाची ठरलेला हा माणूस पृथ्वीच्या आकाराबाबत मात्र पूर्णपणे चुकला, कारण त्याने पवित्र शास्त्रातील प्रतिमेचा नकाशा केला. याविषयी संत ऑगस्टीन यांनी त्याच्या शतकभर आधीच सावध केले होते. आकाशाचा आकार शिकवणे हा पवित्र शास्त्राचा हेतू नाही. आणि ख्रिस्ती माणूस अशा विषयांत अज्ञानाने बोलू लागला तर लोक शास्त्रालाच हसतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

कालव्यावरची पैज

आजच्या सपाट पृथ्वीवादाचा उगम एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये आहे. सॅम्युएल रोबॉथम याने १८३८ साली ‘ओल्ड बेडफर्ड’ नावाच्या सरळ कालव्यात उभे राहून सहा मैल दूर जाणारी होडी दुर्बिणीतून पाहिली. ती शेवटपर्यंत दिसली, म्हणून पृथ्वी सपाट, असा निष्कर्ष त्याने काढला. पाण्यालगतच्या हवेत प्रकाशकिरण वाकतो, ही गोष्ट त्याने लक्षात घेतली नाही. १८७० साली जॉन हॅम्पडन याने पाचशे पौंडांची पैज लावली, तेव्हा शास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी त्याच कालव्यावर पाण्यापासून समान उंचीवर खुणा बांधल्या. मधली खूण वर उचललेली दिसली. पंचांनी निर्णय वॉलेस यांच्या बाजूने दिला. हॅम्पडनने तो कधीच मानला नाही. त्याने वॉलेस यांची अनेक वर्षे बदनामी केली आणि त्यापायी तुरुंगवासही भोगला.

अविश्वासाचे मूळ

पुरावा समोर असूनही मन का वळत नाही? आमच्या मते याचे कारण बुद्धीपेक्षा विश्वासाच्या नात्यात आहे. सरकार, शास्त्रज्ञ, वृत्तपत्रे या सर्वांनी आपल्याला फसवले, असे एकदा मनाने घेतले की त्यांनी दिलेला प्रत्येक पुरावा हा फसवणुकीचाच भाग वाटू लागतो. यूट्यूबसारख्या माध्यमांतून तेच तेच ऐकणारा माणूस हळूहळू त्या गटाचा होतो. तेथे त्याला मित्र मिळतात, मान मिळतो, गुपित ठाऊक असल्याचे समाधान मिळते. मत सोडायचे तर हे सारे सोडावे लागते. ‘बिहाइंड द कर्व्ह’ या २०१८ च्या माहितीपटात सपाट पृथ्वीवाद्यांनीच महागडे यंत्र आणून प्रयोग केलेला दिसतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, असे यंत्राने दाखवले. त्यांनी निष्कर्ष स्वीकारला नाही. यंत्राच्या नोंदीचे दुसरे कारण शोधायला सुरुवात केली.

एका पाळकाचा प्रयत्न

या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०२४ मधील घटना लक्षणीय आहे. विल डफी या अमेरिकन पाळकांनी दोन्ही बाजूंच्या काही लोकांना अंटार्क्टिकाला नेले. सपाट पृथ्वीच्या नकाशात अंटार्क्टिका म्हणजे कडेची बर्फाची भिंत असते; तेथे चोवीस तास सूर्य न मावळणे त्या नकाशाप्रमाणे अशक्य आहे. प्रत्यक्षात सूर्य मावळला नाही. जेरन कॅम्पानेला या सपाट पृथ्वीच्या नामवंत प्रचारकाने, या सूर्याबाबत आपण चुकलो होतो, अशी जाहीर कबुली दिली. त्याच्या काही जुन्या सोबत्यांनी मात्र त्यालाच फितूर ठरवले.

डफी यांनी वाद घातला नाही असे नव्हे; पण सूर्य पाहायला ते आपल्या प्रतिपक्षाला सोबत घेऊन गेले. आपल्या घरांतही भ्रमणध्वनीवर आलेला एखादा संदेश खरा मानून बसलेला काका किंवा भाचा असतोच. लस, औषधे, परधर्मीय शेजारी, असे त्या संदेशांचे विषय पृथ्वीच्या आकारापेक्षा अधिक घातक असतात. चारचौघांत त्याची टर उडवली तर तो आपल्यापासून दूर आणि त्या गटाच्या अधिक जवळ जाईल. त्याऐवजी, “हे तुला कोणी सांगितले? चल, आपण दोघे मिळून पाहू,” असे म्हणावे. आणि पाहताना चूक आपली निघाली, तर ती मान्य करण्याची तयारीही ठेवावी.