पहाटेचा ताप

गेल्या पौषात वरळी कोळीवाड्यात, किल्ल्याच्या बाजूला ओळखीच्या एका नाखव्याबरोबर उभा होतो. पहाटेचे सहा. ‘‘दिवसातली सगळ्यांत गार वेळ ही, साहेब,’’ कानाला रुमाल गुंडाळत तो म्हणाला. समुद्रावर त्याचे म्हणणे खरे. पण आमच्या डोक्यावर पाचशे किलोमीटर उंचीवर त्या वेळी भट्टी पेटत होती!

हे मनाचे सांगत नाही. ४ मे १९९४ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘स्रॉस-सी२’ हा सुमारे ११५ किलोंचा उपग्रह निघाला. आयुष्य धरले होते सहा महिन्यांचे. पठ्ठ्या जुलै २००१ पर्यंत फिरत राहिला. त्यावर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे उपकरण होते. सूर्यकिरणांनी हवेचे अणू फुटून जिथे सुटे इलेक्ट्रॉन तरंगतात, त्या आयनांबराच्या वरच्या थराचा ताप ते मोजी. रात्री सातशे-आठशे केल्विन. सूर्य उगवताच दोनेक तासांत साडेतीन हजारांच्या घरात. आणि दहा वाजेपर्यंत पुन्हा सोळाशेच्या आसपास. (तिथे हात घातला तर भाजणार नाही. हवा इतकी विरळ आहे.)

दुपारी का नाही, पहाटेच का? बँकेत जन्म गेलेल्या माणसाला हे बोनसचे गणित वाटते. रात्री इलेक्ट्रॉन रोडावलेले असतात. सकाळची पहिली उष्णता थोड्यांतच वाटली जाते, म्हणून प्रत्येकाला घसघशीत वाटा. मग नवे इलेक्ट्रॉन जन्मतात, वाटेकरी वाढतात, हिस्सा घटतो.

या नोंदींतल्या १९९५-९६च्या नोंदी मोलाच्या. अकरा वर्षांच्या फेऱ्यात सूर्य तेव्हा अगदी शांत होता. खात्यातली आरंभीची शिल्लकच ठाऊक नसेल, तर वादळाने किती भर घातली हे कसे कळावे?

नाखव्याच्या होडीवर जीपीएस आहे. त्याचे संदेश वीस हजार किलोमीटरवरून याच थरातून येतात. इलेक्ट्रॉन जास्त तितका उशीर, आणि यंत्राला अंतर लांबल्यासारखे वाटते. सूर्य खवळला की चूक वाढते.

‘‘२०२४ला बोया नोंदल्या जागी सापडत नव्हता, तो त्यापायीच?’’ त्याने विचारले.

‘‘तेव्हा सूर्य ऐन भरात होता खरा. पण काही मीटरच. बाकी भरतीनेही नेला असेल.’’

‘‘मग गप्प कधी बसणार हा?’’

‘‘२०३०च्या सुमारास.’’

‘‘तोवर किल्ल्याची खूण आहेच,’’ म्हणत तो होडीकडे वळला.