डेअर, डी, दास आणि कटिंग चहा

दिवसभराची ड्युटी संपवून पुण्यात जर्मनच्या वर्गाला जाऊन बसणाऱ्या परिचारिका आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. जर्मनीत या कामाचा पूर्ण परवाना हवा, तर साधारणपणे ‘बी-टू’ पातळी गाठावी लागते. पहिली पातळी उत्साहात पार पडते. पुढे पाळ्या, घर, मुलांचा अभ्यास यांच्या रेट्यात वही मागे पडते, भरलेली फी वाया जाते. अशा वेळी ‘स्वतःलाच छोटं बक्षीस लावून घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. तो खरा आहे, पण अर्धाच.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र टिकून होती. पुढे १९९९ मध्ये डेसी, कोएस्टनर आणि रायन यांनी असे १२८ प्रयोग एकत्र तपासले. आधी कबूल केलेल्या बक्षिसानं आवडत्या कामातली गोडी कमी होते, मनापासून केलेल्या कौतुकानं वाढते, असं त्यांना दिसलं. मुळातच कंटाळवाण्या कामात मात्र बक्षिसानं असं नुकसान दिसलं नाही.

भाषेत दोन्ही प्रकारची कामं असतात. आपला काटा ‘तो’ आणि सुरी ‘ती’. जर्मनमध्ये काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. मराठीतही तीन लिंगं आहेत, पण त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. घोकंपट्टीच करावी लागते. तिथे खुशाल बक्षीस लावा. वीस शब्द ‘डेअर, डी, दास’सकट म्हणून झाले की कटिंग चहा किंवा मालिकेचा एक भाग. बक्षीस लगेच घ्यावं, आणि बसून केलेल्या अभ्यासाचं घ्यावं, गुणांचं नको. गुण काही आपल्या हातात नसतात.

गोष्ट वाचणं, सिनेमा पाहणं, वर्गातल्या मैत्रिणीशी मोडकंतोडकं बोलणं याला मात्र काही लावू नये. २०१४ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात, वाक्याच्या संदर्भावरून प्रौढांना नव्या शब्दाचा अर्थ उलगडला की मेंदूतला ‘व्हेंट्रल स्ट्रायटम’ हा भाग सक्रिय होताना दिसला. जुगारात पैसे जिंकल्यावरही हाच भाग सक्रिय होतो. म्हणजे अर्थ लागला की बक्षीस आतूनच मिळतं.

मोबाइल अ‍ॅपमधल्या सलग दिवसांच्या मोजणीचं काय? सवय लागेपर्यंत ती उपयोगी पडते. पण रात्री पावणेबाराला, आकडा तुटू नये म्हणून सर्वांत सोपा धडा उरकला जाऊ लागला, की ती सूचना बंद केलेली बरी. घरच्यांनीही ‘कितवा धडा झाला?’ विचारण्याऐवजी जेवताना ‘सुरीला काय म्हणतात गं?’ असं विचारून पाहावं.